दिव्यांग व्यक्तीसाठी घर सुगम आणि देखणे कसे करावे

अपघातानंतर घरातील एखाद्याला चाकाची खुर्ची वापरावी लागते, कोणाची दृष्टी आजाराने मंदावते, किंवा सेरेब्रल पाल्सी असलेले मूल आता इतके मोठे होते की त्याला उचलून न्हाणीघरात नेणे आईला झेपत नाही. अशा वेळी बहुतेक कुटुंबे दुकानातून स्टीलचे दोन दांडे आणि प्लास्टिकची एक खुर्ची घेऊन येतात. या वस्तू वाईट नसतात. पण त्या कोठे, किती उंचीवर आणि कोणाच्या हाताच्या पोहोचेनुसार बसवायच्या हे ठरलेले नसल्यामुळे काही दिवसांतच दांड्यावर ओले टॉवेल वाळू लागतात आणि माणूस पूर्वीसारखाच दुसऱ्याच्या खांद्याचा आधार घेत राहतो. घर वापरायला सोपे आणि दिसायला चांगले या दोन्ही गोष्टी एकाच कामात साधता येतात, मात्र त्यासाठी खरेदीच्या आधी मोजमाप झालेले असावे लागते. पुढील सूचना लिहिताना महाराष्ट्रातील शहरी फ्लॅट आणि गावाकडील बैठे घर, ही दोन्ही डोळ्यांसमोर ठेवली आहेत.

दिव्यांगजन हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे. १९९५ च्या कायद्यात ते सात होते. घर करणाऱ्याने यातून एवढे लक्षात घ्यावे की 'दिव्यांगांसाठीचे घर' असा एकच ठरीव नमुना असू शकत नाही. चाकाच्या खुर्चीसाठी जमीन सलग आणि बिनपायरीची हवी, तर पांढरी काठी वापरणाऱ्याला कडेची जाणीव करून देणारी एखादी रेघ, कंगोरा किंवा फरशीच्या पोतातील बदल हवा. ऑटिझम असलेल्या मुलाला मंद, न लुकलुकणारा प्रकाश मानवतो, तर क्षीणदृष्टी असलेल्या आजोबांना त्याच खोलीत भरपूर उजेड लागतो. म्हणून पहिला प्रश्न 'मानक काय सांगते' हा नसून 'या घरात कोण राहणार आहे आणि तो दिवसभर काय करतो' हा आहे.

आधी मापे

केंद्रीय गृहनिर्माण आणि शहरी व्यवहार मंत्रालयाने २०२१ मध्ये सार्वत्रिक सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांचा मुख्य रोख सार्वजनिक इमारतींवर असला तरी घरासाठीही ती चांगला पाया पुरवतात. त्यांतील तीन आकडे पाठ असावेत : दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर, खुर्ची पूर्ण वळवण्यासाठी १५०० मिलिमीटर व्यासाची मोकळी जागा, आणि उताराचे प्रमाण जास्तीत जास्त १ : १२. या आकड्यांपासून सुरुवात करावी, पण शेवटचे माप त्या व्यक्तीच्या शरीरावर आणि तिच्याच खुर्चीवर घ्यावे.

खुर्चीची रुंदी मोजताना चाकांवर ठेवलेले हात धरून मोजावी. घडीच्या साध्या खुर्चीची रुंदी साधारण २४ ते २६ इंच असते, आणि चाके ढकलताना बोटांची पेरे दोन्ही बाजूंना आणखी बाहेर येतात. खुर्ची दारातून 'कशीबशी जाते' असे घरचे सांगतात तेव्हा ती कोणीतरी मागून ढकललेली असते. स्वतः चाक फिरवणाऱ्याची बोटे त्याच दारात चौकटीवर सोलवटतात. बैठकीची जमिनीपासूनची उंची, गुडघ्यांची उंची, खुर्चीत बसून पुढे आणि वर हात किती पोहोचतो, कोणता हात बळकट आहे, आणि खुर्चीवरून पलंगावर सरकताना माणूस डावीकडे सरकतो की उजवीकडे, हे सगळे कागदावर उतरवावे. त्यानंतर खडू घ्यावा, अडीच फुटांची दोरी बांधून हॉलच्या फरशीवर पाच फूट व्यासाचे वर्तुळ काढावे आणि प्रस्तावित भिंती, कमोड, ओटा हे सारे प्रत्यक्ष आकारात आखावे. त्या आखणीत खुर्ची फिरवून पाहिल्यावर नकाशातील चुका अर्ध्या तासात समोर येतात, आणि त्या दुरुस्त करायला खडू पुसण्यापलीकडे काही खर्च येत नाही.

या टप्प्यावर ऑक्युपेशनल थेरपिस्टचा, म्हणजे रोजची कामे माणसाला स्वतः करता यावीत यासाठी उपाय सुचवणाऱ्या तज्ज्ञाचा, सल्ला घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. या शास्त्राचे भारतातील शिक्षण कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात सुरू केले, आणि आजही मुंबई-नागपूरच्या मोठ्या सरकारी व महापालिका रुग्णालयांत हा विभाग असतो. तरीही घराचे काम काढणारी कुटुंबे आर्किटेक्टकडे जातात, इंटिरियरवाल्याकडे जातात, वास्तुतज्ज्ञालाही विचारतात, आणि या माणसाला मात्र विसरतात. आजार वाढत जाणारा असेल, उदाहरणार्थ मस्क्युलर डिस्ट्रॉफी किंवा पार्किन्सन, तर पाच वर्षांनी हाताची ताकद किती उरेल याचा अंदाज तोच देऊ शकतो; आज बसवलेला दांडा तेव्हा उपयोगाचा राहील की छताला उचलयंत्र लागेल, हे त्या अंदाजावर ठरते.

एक गोष्ट मार्गदर्शक तत्त्वांच्या पुस्तकात फारशी सापडत नाही. आपल्याकडे पोलिओ झालेल्या कितीतरी व्यक्ती घरात खुर्ची वापरत नाहीत. त्या जमिनीवर बसून, हातांवर भार देऊन सरकत वावरतात आणि त्यातच त्यांना मोकळे वाटते. त्यांच्यासाठी खुर्चीची मापे निरुपयोगी आहेत. त्यांना फूटभर उंचीचा बैठा ओटा, दीड फुटावर नळ, हाताशी येणारी बटणे आणि ओल व गारवा न धरणारी, सांधे वर न आलेली जमीन हवी. जुन्या मराठी स्वयंपाकघरात चूल, विळी, जाते, पाट सगळे जमिनीवरच असे. ती मांडणी आजच्या साहित्यात पुन्हा उभी करणे मुळीच अवघड नाही, आणि केल्यास ती फार सुंदर दिसते.

दारापर्यंत आणि दारातून आत

गावाकडील घराचे जोते साधारण दीड फूट, म्हणजे ४५० मिलिमीटर उंच धरले, तर १ : १२ या प्रमाणाने उताराची लांबी ५४०० मिलिमीटर, अर्थात जवळजवळ १८ फूट होते. हा हिशेब ऐकून गवंडी हसतो आणि 'सहा फुटांत बसवतो' म्हणतो. सहा फुटांत बसवलेल्या उतारावरून खुर्चीतला माणूस एकटा चढू शकत नाही आणि उतरताना पुढे फेकला जाण्याची भीती असते, म्हणून तेथे मुळीच तडजोड करू नये. जागा कमी असेल तर उतार अंगणाच्या कडेने वळवावा आणि वळणावर पाच फुटांचा सपाट टप्पा ठेवावा. उताराला दोन्ही बाजूंना कठडा असावा. उभ्याने चालणाऱ्यासाठी सुमारे ९०० मिलिमीटरवर एक आणि खुर्चीतील व्यक्तीसाठी व मुलांसाठी ७०० ते ७५० मिलिमीटरवर दुसरा, असे दोन दांडे लावावेत. कडेला तीन-चार इंचांची उभी कड ठेवली म्हणजे पुढचे लहान चाक बाहेर घसरत नाही.

देखणेपणाचा विचार येथेच सुरू होतो. घराला चिकटवलेला सिमेंटचा उतार दवाखान्याची आठवण करून देतो, पण तोच उतार तुळशीवृंदावनाला वळसा घालून जाणारी अंगणातील मुख्य वाट झाला, त्याच्या कडेला अबोली-शेवंतीचा वाफा आणि सपाट टप्प्याशी बसायला कट्टा आला, तर घरात येणारा प्रत्येक जण पायऱ्या सोडून तेथूनच चालू लागतो. कोकणात मात्र जांभ्याची उघडी वाट पावसाळ्यात शेवाळाने निसरडी होते, तेव्हा उतार पडवीच्या छपराखाली घ्यावा किंवा खरखरीत पृष्ठभागाच्या दगडाचा करून पावसाआधी व पावसात घासण्याची सोय ठेवावी.

शहरातील अडचण वेगळी आहे. इमारतीला लिफ्ट असते, पण लिफ्टपर्यंत जायला पार्किंगमधून चार पायऱ्या असतात. जुन्या इमारतीत नंतर बसवलेली लिफ्ट तर पुष्कळदा दोन मजल्यांच्या मधल्या टप्प्यावर थांबते. उतार सामाईक जागेत येत असल्याने सोसायटीची संमती लागते. कार्यकारिणीला तोंडी सांगत बसण्यापेक्षा मापांसह रेखाटन जोडून लेखी अर्ज द्यावा, आणि तो सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा अशी मागणी त्याच अर्जात करावी. गुडघेदुखीचे ज्येष्ठ सभासद, बाबागाडी ढकलणारे पालक आणि गॅसचे सिलिंडर आणणारा माणूस या सर्वांना त्या उताराचा उपयोग आहे, हे सभेत कोणी बोलून दाखवले की विरोध सहसा मावळतो. एखादीच पायरी असेल तर ॲल्युमिनियमचा घडीचा उतार पुरतो.

आता दार. फ्लॅटमधील मुख्य दार बहुधा पुरेसे रुंद असते. अडचण टॉयलेटच्या दाराची. त्यासाठी भिंतीत अडीच फुटांचे भगदाड सोडलेले असते आणि चौकट बसल्यावर हातात जेमतेम ६०० ते ६५० मिलिमीटर उरतात. भिंत विटांची किंवा ब्लॉकची असेल तर दार रुंद करून वर नवा लिंटेल, म्हणजे दारावरचा भार पेलणारी आडवी तुळई, टाकता येतो. मुंबई-पुण्यातील अलीकडचे मनोरे मात्र पुष्कळदा मिव्हान पद्धतीने, म्हणजे भिंती आणि स्लॅब एकसंध काँक्रीटमध्ये ओतून उभे केलेले असतात आणि त्यांतील भिंतींवरच इमारतीचा भार असतो. त्यांना हात लावू नये. अशा ठिकाणी बाहेर झेप घेणाऱ्या खास बिजागऱ्या लावाव्यात, ज्यांमुळे उघडलेले दार वाटेतून पूर्ण बाजूला जाते आणि फळीच्या जाडीइतकी, म्हणजे इंच-सव्वा इंच जागा वाढते. अनेकदा तेवढ्यावरच काम भागते. दुसरा उपाय भिंतीवरून सरकणाऱ्या दाराचा. त्यासाठी दाराशेजारी तेवढीच रिकामी भिंत लागते, आणि नेमका तेथेच स्विचबोर्ड असतो; तो हलवण्याचे काम सुताराआधी वायरमनला सांगावे लागते.

मुख्य दाराच्या उंबरठ्याबद्दल घरात हमखास चर्चा होते, कारण तो पूजेचा असतो. अर्ध्या इंचाहून उंच कड खुर्चीच्या पुढच्या चाकाला अडवते आणि पाय ओढत चालणाऱ्याला पाडते. उंबरठ्याच्या जागी फरशीशी समपातळीत काळ्या दगडाची किंवा पितळेची पट्टी बसवली, तर हळदकुंकू वाहता येते, बाजूला रांगोळी काढता येते आणि चाकही अडत नाही. पाणी व झुरळे आत येऊ नयेत म्हणून दाराच्या तळाला, दार लागताच खाली उतरणारी रबरी पट्टी मिळते, ती लावावी.

न्हाणीघर : सर्वाधिक पैसा आणि लक्ष येथे

पैसे मर्यादित असतील तर हॉलचे फॉल्स सीलिंग रद्द करावे आणि ते पैसे न्हाणीघरात घालावेत. माणसाची अब्रू आणि त्याचे स्वावलंबन या खोलीत ठरते, आणि घरातील पडण्याचा सर्वांत मोठा धोकाही येथेच असतो.

पहिला प्रश्न जागेचा. चार बाय सात फुटांच्या न्हाणीघरात पाच फुटांचे वर्तुळ बसत नाही. शेजारी वेगळे संडास असेल तर मधली चार इंची भिंत काढून दोन्ही एक करणे हा उत्तम मार्ग आहे. भिंत भार घेणारी नाही आणि तिच्यातून मुख्य नळ उतरत नाही याची खात्री इंजिनिअरकडून करून घ्यावी, आणि वॉटरप्रूफिंग पूर्ण नव्याने करावे, नाहीतर खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचे छत गळू लागेल. दार बाहेर उघडणारे किंवा सरकते असावे. आत उघडणाऱ्या दाराला टेकून माणूस पडला तर ते दार बाहेरून ढकलता येत नाही, आणि मदतीला आलेले लोक नुसते दार ठोठावत राहतात. कडीही बाहेरून उघडता येणारी हवी.

कमोडची जागा ठरवण्याआधी ती व्यक्ती त्यावर कशी बसते ते बारकाईने पाहावे. कमरेखाली ताकद नसलेला माणूस खुर्ची कमोडला समांतर लावतो, ब्रेक लावतो, कमोडकडील हात-पट्टी काढतो, पाय हातांनी उचलून खाली ठेवतो, एक हात खुर्चीच्या गादीवर आणि दुसरा पलीकडच्या भिंतीवरील दांड्यावर ठेवून शरीर उचलतो आणि सरकतो. या एका हालचालीत कमोडच्या बाजूला तीन फूट मोकळी जागा, दुसऱ्या बाजूला हाताच्या अंतरावर भिंत, आणि बैठकीपासून सुमारे आठ इंच वर आडवा दांडा, या तीनही गोष्टी लागतात. कमोडचा मध्य भिंतीपासून साधारण दीड फुटावर असावा; त्याहून लांब गेला तर दांडा असून हात पोहोचत नाही. मोकळ्या बाजूला भिंतीकडे वर दुमडणारा दांडा लावावा. फ्लशचे बटण पाठीमागे असण्याऐवजी बाजूच्या भिंतीत घ्यावे, आणि जेट स्प्रे बळकट हाताच्या बाजूला, बसलेल्याच्या किंचित पुढे बसवावा. प्लंबर तो सवयीने मागे बसवतो आणि मग धड वळवू न शकणाऱ्या माणसाला तो असून नसल्यासारखा होतो.

कमोडच्या बैठकीची उंची ४५० ते ४८० मिलिमीटर असावी, असे मानक सांगते आणि खुर्चीवरून सरकणाऱ्यासाठी ते योग्यच आहे. पण ज्या व्यक्तीला असे सरकता येत नाही, ती चाके असलेली कमोड-खुर्ची थेट कमोडवर आणते, आणि मानकाप्रमाणे उंच केलेला कमोड त्या खुर्चीच्या बैठकीखाली अडकतो. म्हणून कमोड-खुर्ची आधी आणावी, तिच्या बैठकीखालची मोकळी उंची मोजावी आणि मगच कमोड घ्यावा.

दांडे सव्वा ते दीड इंच व्यासाचे, भिंतीपासून सुमारे दीड इंच अंतरावर आणि घट्ट बसलेले हवेत. टाइलला रबरी कपने चिकटणाऱ्या दांड्यांवर मी कधीही विश्वास ठेवणार नाही. टाइल लावण्यापूर्वीच दांड्यांच्या जागी भिंत भरीव करून घ्यावी, विशेषतः हलक्या ब्लॉकच्या भिंतीत, आणि त्या जागांचे फोटो माप-टेपसह काढून ठेवावेत, म्हणजे पुढे दांडा वाढवायचा झाला तर अंदाजाने भोके पाडावी लागत नाहीत. काम झाल्यावर घरातल्या सर्वांत वजनदार माणसाने दांड्याला पूर्ण भार देऊन लोंबकळून पाहावे.

न्हाणीघराची जमीन बाहेरच्या फरशीपेक्षा इंचभर खाली आणि मध्ये संगमरवराची पट्टी, ही आपली रूढ पद्धत खुर्चीला अडवते. दोन्ही जमिनी एका पातळीत आणून, पाणी अडवण्यासाठी दाराच्या आतल्या बाजूला किंवा शॉवरच्या भिंतीलगत लांबट जाळीची नाली घ्यावी आणि जमिनीला तिच्याकडे हलकासा ढाळ द्यावा. टाइल मॅट आणि आर ११ दर्जाची (हा दर्जा घसरण रोखण्याच्या क्षमतेचा) घ्यावी. 'अँटिस्किड' असे दुकानदाराने नुसते सांगणे पुरेसे नाही, तुकडा घरी आणून त्यावर साबणाचे पाणी ओतून अनवाणी उभे राहून पाहावे. बादलीने आंघोळ करण्याची सवय सोडण्याची गरज नाही. फूट-सव्वा फुटाच्या पक्क्या चौरंगावर बादली ठेवली की बसलेल्याचा तांब्या सहज बुडतो, आणि भिंतीवर सरकणाऱ्या दांडीला हँडशॉवर लावला की दोन्ही सोयी राहतात.

मज्जारज्जूला इजा झालेल्या व्यक्तीच्या पायांना उष्णता जाणवत नाही, त्यामुळे कढत पाण्याने भाजले तरी तिला ते कातडी लाल झाल्यावर दिसते. अशा घरात थर्मोस्टॅटिक मिक्सर, म्हणजे पाणी सुमारे ३८ अंश सेल्सिअसहून जास्त गरम येऊ न देणारा नळ, ही चैन मानू नये. त्याच कारणाने वॉशबेसिनखालचा गरम पाण्याचा पाइप उघडा ठेवू नये. बेसिनखाली गेलेले गुडघे त्याला टेकतात आणि माणसाला कळतही नाही. बेसिन उथळ घ्यावे, त्याची कड ८०० मिलिमीटरच्या आसपास आणि खाली किमान ७०० मिलिमीटर मोकळी उंची ठेवावी, आणि आरसा बेसिनच्या कडेपासूनच वर सुरू करावा, म्हणजे बसलेल्याला आणि उभ्यालाही चेहरा दिसतो. मदतीच्या घंटेची दोरी जमिनीपासून वीतभर अंतरापर्यंत खाली सोडावी. पडलेल्या माणसाचा हात भिंतीवरच्या बटणापर्यंत जात नाही.

हे सारे करूनही खोली रुग्णालयासारखी दिसू नये यासाठी दोन गोष्टी पुरतात. दांडे, नळ, टॉवेल अडकवायची दांडी आणि साबणाचा कप्पा एकाच रंगाचे, उदाहरणार्थ पितळी झाक असलेले किंवा काळे घ्यावेत, म्हणजे आधाराचा दांडा वेगळा उठून दिसत नाही. आणि पांढऱ्या टाइलवर पांढरा कमोड हा जोड सोडावा : मागची भिंत गडद हिरवी, निळी किंवा विटकरी असली की कमोड उठावदार दिसतो, आणि क्षीणदृष्टी असलेल्याला तो खरोखर दिसतो.

स्वयंपाकघर

फ्लॅटमधील ओटा ८१० ते ८६० मिलिमीटर उंच असतो. खुर्चीत बसून स्वयंपाक करणाऱ्यासाठी तो ७५० ते ८०० असावा आणि त्याखाली किमान तीन फूट रुंदीत ट्रॉल्या न लावता गुडघ्यांसाठी जागा मोकळी सोडावी. घरात उभ्याने काम करणारेही असतील तर ओट्याची एक बाजू नेहमीच्या उंचीची आणि एक खालच्या उंचीची करावी; खालची बाजू भाजी निवडायला, पोळ्या लाटायला आणि मुलांना अभ्यासाला सगळ्यांनाच आवडते. पोळी लाटताना खांद्यातून जोर लावावा लागतो, म्हणून पोळपाटाची जागा ठरवताना पोळपाटाची उंचीही मिळवून मोजावे. शेगडी ओट्यावर ठेवली की बर्नर आणखी चार इंच वर जातो आणि बसलेल्याला पातेल्यात काय शिजते आहे ते दिसत नाही; त्यामुळे ओट्यात बसणारी शेगडी घ्यावी, बटणे पुढच्या कडेला असलेली, म्हणजे ज्योतीवरून हात न्यावा लागत नाही.

गरम भांडे उचलून नेणे हे खुर्चीतील व्यक्तीसाठी सर्वांत धोक्याचे काम आहे, कारण दोन्ही हात भांड्याला गुंतले की चाक कोण फिरवणार, आणि मग भांडे मांडीवर येते. शेगडी, मोकळी जागा आणि सिंक एका सलग रांगेत, मध्ये कोणतीही कड न ठेवता घेतली तर भाताचे पातेले न उचलता सरकवत नेता येते. कडाप्पा किंवा ग्रॅनाइटची सलग फळी यासाठी फार चांगली. सिंक पाच-सहा इंचांहून खोल नको. पाइपचा गॅस मिळत असेल तर घ्यावा. सिलिंडर ठेवायचा झाल्यास त्याचा रेग्युलेटर बसल्या जागेवरून हाताशी येईल अशा उघड्या कप्प्यात ठेवावा. वरच्या कपाटांचा मोह सोडावा आणि त्याऐवजी ओट्याखाली, गुडघ्यांची जागा वगळून, पूर्ण बाहेर येणारे खण करावेत.

अंध व्यक्ती स्वयंपाक करत असेल तर ओट्याची उंची हा प्रश्नच नाही. तिला प्रत्येक वस्तूची ठरलेली जागा हवी आणि घरातील इतरांनी ती मोडता कामा नये, हा नियम कोणत्याही उपकरणापेक्षा जास्त कामाचा आहे. गॅसच्या बटणावर 'बंद' आणि 'मंद' या जागी रबराचे उठावदार ठिपके चिकटवावेत, ज्वारी, बाजरी, गव्हाच्या पिठांच्या डब्यांना ब्रेलच्या पट्ट्या किंवा वेगवेगळ्या गाठींचे दोरे बांधावेत, आणि डोक्याच्या उंचीवर बाहेर उघडणारे कपाटाचे दार सरकते करावे, कारण अर्धवट उघडे राहिलेले दार काठीला लागत नाही, कपाळाला लागते. बधिर व्यक्तीच्या स्वयंपाकघरात अडचण आणखी वेगळी : कुकरची शिट्टी तिला ऐकू येत नाही. मनगटावर थरथरणारा टायमर किंवा वेळ लावता येणारी इंडक्शन शेगडी हा त्यावर साधा उपाय आहे, आणि ओटा भिंतीकडे तोंड करून असण्याऐवजी खोलीकडे तोंड करून असेल तर आत कोण आले हे तिला दचकल्याशिवाय कळते.

झोपण्याची खोली, उजेड, देवघर

आपल्याकडे खाली सामान भरलेला बॉक्स पलंग लोकप्रिय आहे, पण तो येथे नको. त्याखाली पायांना जागा नसते, आणि रुग्णाला उचलणाऱ्या यंत्राचे पाय पलंगाखाली शिरावे लागतात. जमिनीपासून सात-आठ इंच मोकळा, आणि गादीसह खुर्चीच्या बैठकीइतक्याच उंचीचा पलंग सुताराकडून सागवानात करून घेतला तर तो स्वस्त नाही, पण कोणत्याही रुग्णशय्येपेक्षा देखणा होतो. पलंगाच्या एका बाजूला खुर्ची वळवण्याइतकी जागा ठेवावी. दिवा, पंखा आणि घंटा यांची बटणे उशीजवळ हाताशी असावीत. बॅटरीवर चालणारी खुर्ची असेल तर तिच्या चार्जिंगचा सॉकेटही तेथेच, आणि श्वसनयंत्र किंवा हवेची गादी वापरात असेल तर तो सॉकेट इन्व्हर्टरवर घ्यावा. घरभर बटणे ९०० ते ११०० मिलिमीटरवर आणि सॉकेट किमान दीड फुटावर असावेत. कपाटातील कपडे अडकवायची दांडी १२०० मिलिमीटरवर आणावी.

खिडकीकडे कोणी फारसे पाहत नाही. खुर्चीत बसलेल्याची नजर साधारण ११०० ते १२०० मिलिमीटरवर असते आणि नेमक्या त्या उंचीवर ग्रिलची आडवी पट्टी येते; दिवसाचे कित्येक तास खिडकीशी घालवणाऱ्या माणसाला ती पट्टी सतत डोळ्यांत खुपते. ग्रिल करवून घेताना त्या उंचीवर उभ्या सळ्याच ठेवाव्यात. बैठ्या घरात खिडकीचा कट्टा दोन फुटांवर आणता आला तर उत्तमच, मात्र घरात लहान मूल असेल तर जाळी पक्की हवी. देव्हारा सुमारे अडीच फूट उंचीवर, खाली गुडघ्यांसाठी मोकळी जागा ठेवून केला की खुर्चीत बसूनही निरांजन ओवाळता येते आणि पाटावर बसणाऱ्यांची गैरसोय फारशी होत नाही.

बधिर व्यक्तीसाठी दाराची घंटा दिव्याशी जोडावी, बैठक गोलाकार मांडावी आणि बोलणाऱ्याच्या पाठीमागे खिडकी येणार नाही असे पाहावे, कारण पाठीमागून उजेड आला की ओठ आणि हातांच्या खुणा दिसत नाहीत. धुराची सूचना देणारे यंत्र आवाजाबरोबर प्रकाश आणि उशीखालची थरथर देणारे असावे.

चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी हे आजचे फ्लॅटचे भूषण मानले जाते. क्षीणदृष्टी असलेल्याला मात्र तिच्यातील ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पाणी सांडल्यासारखे दिसते. मॅट टाइल, लेदर फिनिशचा कोटा दगड किंवा साधी शहाबादी फरशी पायाला धरते, डोळ्यांना त्रास देत नाही आणि माझ्या मते अधिक सुंदरही दिसते. भिंत व जमीन यांच्या सांध्यावर गडद पट्टी, दाराच्या चौकटीला भिंतीपेक्षा वेगळा रंग आणि जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला दोन इंचांची ठळक रेघ, एवढ्याने घराला रेखीवपणा येतो आणि वाटही कळते. लांब पॅसेजमध्ये ९०० मिलिमीटरवर गोल सागवानी दांडा सलग फिरवला तर तो वाड्याच्या जिन्याच्या कठड्यासारखा शोभतो. हाताने चाचपत चालणाऱ्याला तो दिशा देतो आणि तोल जाणाऱ्याला आधार. सैल पायपुसणी आणि छोटी जाजमे मात्र उचलून ठेवावीत, मग ती हातमागाची कितीही सुंदर असोत.

काम करून घेताना

भाड्याच्या घरात भिंती फोडता येत नाहीत, तेव्हा बिजागऱ्या, घडीचा उतार, कमोडवर बसणारी उंच बैठक, हँडशॉवर, चिकटपट्ट्या आणि सामानाची फेरमांडणी एवढ्यावर भर द्यावा. घरमालकाची परवानगी घेऊन न्हाणीघरात दोन पक्के दांडे तरी लावावेत. स्वतःच्या घरात टप्प्याटप्प्याने काम करायचे असेल तर न्हाणीघर व दारे, मग प्रवेश, मग पलंग आणि बटणे, आणि शेवटी स्वयंपाकघर असा क्रम बहुतेक कुटुंबांना सोयीचा पडतो. स्वयंपाक ती व्यक्तीच करत असेल तर अर्थातच हा क्रम बदलावा. महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी राखून ठेवायची असते. त्यातून कोणत्या योजना चालवल्या जातात ते ठिकाणानुसार बदलते, म्हणून काम सुरू करण्याआधी ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत किंवा महापालिकेत चौकशी करून ठेवावी.

सर्व मापे कंत्राटदाराला फरशीच्या अंतिम पातळीपासून द्यावीत आणि तसे कागदावर लिहून त्याची सही घ्यावी, कारण कमोड बसवल्यानंतर जमिनीवर दीड इंचाची फरशी चढली की उंचीचे सगळे गणित बिघडते. टाइल लागण्यापूर्वी एकदा आणि दारे बसण्यापूर्वी एकदा त्या व्यक्तीने स्वतः कामावर येऊन पाहावे. तिच्या वतीने मुलाने किंवा जावयाने 'ठीक आहे' म्हणू नये. शेवटचा हप्ता देण्याआधी न्हाणीघरात तीन-चार बादल्या पाणी ओतावे आणि अर्ध्या तासाने कोठे साचले आहे ते पाहावे, सगळी दारे खुर्चीत बसून एका हाताने उघडून व लावून पाहावीत, आणि रात्री दिवे मालवून पलंगापासून न्हाणीघरापर्यंत जाऊन यावे. पाणी दाराकडे येत असेल तर ती टाइल त्याच वेळी उखडून ढाळ दुरुस्त करून घ्यावा. बिल चुकते झाल्यावर गवंडी त्यासाठी पुन्हा येत नाही.